बिनझेंड्याचं पॅनेल

मार्च २०२४मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चार वर्षांच्या खंडानंतर विद्यार्थी संघाची निवडणूक झाली. मतदानाला काही तास उरले असताना डाव्या आघाडीच्या सरचिटणीसपदाच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला. आघाडीने आपला पाठिंबा ‘बापसा’च्या, म्हणजे बिरसा आंबेडकर फुले स्टुडंट्स असोसिएशनच्या उमेदवार प्रियांशी आर्य यांना जाहीर केला आणि त्या निवडून आल्या. कोणत्याही राजकीय पक्षाशी न बांधलेल्या या संघटनेला मध्यवर्ती पॅनेलवर मिळालेली ही पहिली जागा. ती मिळायला दहावं वर्ष उजाडावं लागलं. मिळाली तीही ज्यांच्यावर या संघटनेने सातत्याने टीका केली, त्या डाव्यांचा हात लागल्यावर.

पक्षाच्या झेंड्याखाली न जाता विद्यार्थी राजकारण करू पाहणाऱ्या गटांची बरीचशी कहाणी या एका निकालात आली आहे. त्यांची चिकाटी, मतांच्या आकड्यातलं तोकडेपण आणि शेवटी कोणाशी तरी करावी लागणारी तडजोड, सगळंच. गेली पन्नास वर्षं भारतातल्या विद्यापीठांत असे गट सतत उगवत आले आहेत. काही एका आंदोलनापुरते जगले, काहींनी वर्षानुवर्षं संघ चालवले, काहींचे पुढे पक्षच झाले. हे सगळं एकत्र पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. जिथे विद्यार्थी संघाचा कारभार खरोखर विद्यार्थ्यांच्या हातात असतो, तिथे हे गट जगतात. ‘विद्यापीठं राजकारणमुक्त करू’ म्हणून सरकार निवडणुका आवळतं किंवा बंद करतं, तेव्हा सगळ्यांत आधी हेच संपतात. पक्षांच्या विद्यार्थी आघाड्यांना बाहेर कार्यालय असतं, पैसा असतो, पूर्णवेळ कार्यकर्ते असतात. यांचं जे काही असतं ते आवाराच्या आत.

एक प्रकार आधीच बाजूला काढून ठेवतो, कारण बातम्यांत तोच जास्त दिसतो. जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात २०१६ ते २०२२ या काळात झालेल्या पाचही निवडणुकांत अध्यक्षपद अपक्षाने जिंकलं. अंकित धायल, पवन यादव, विनोद जाखड, पूजा वर्मा, निर्मल चौधरी. आकडे पाहून वाटावं की पक्षमुक्त विद्यार्थी राजकारणाचा हा स्वर्गच. पण यातले बहुतेक जण अभाविप किंवा एनएसयूआयने तिकीट नाकारल्यावर उभे राहिलेले बंडखोर. जाखड पुढे एनएसयूआयचे प्रदेशाध्यक्ष झाले. जोधपूरच्या विद्यापीठात २०१९ साली रवींद्रसिंह भाटी असेच अभाविपचं तिकीट न मिळाल्याने अपक्ष उभे राहून अध्यक्ष झाले आणि २०२३ साली शिव मतदारसंघातून अपक्ष आमदार झाले. या सगळ्यांच्या कर्तबगारीविषयी मला शंका नाही. विद्यापीठातलं पहिलं दलित अध्यक्षपद जाखड यांनी तिकीट नसताना मिळवलं, ही गोष्ट तर पक्षांच्या तिकीटवाटपावरच बोट ठेवते. मात्र अशा विजयामागे जात, गाव, वसतिगृह आणि व्यक्तीची लोकप्रियता असते, संघटना नसते. अध्यक्ष पायउतार झाला की मागे काहीच उरत नाही. २०२३ साली राज्य सरकारने निवडणुकाच रद्द केल्या, २०२४ आणि २०२५ सालीही त्या झाल्या नाहीत, तेव्हा पाच अपक्ष अध्यक्षांच्या या परंपरेतून त्याविरुद्ध टिकून उभी राहील अशी एकही संघटना शिल्लक नव्हती.

म्हणून इथे विचार करायचा तो गटांचा. ज्यांना स्वतःचं नाव आहे, सभासद आहेत, भूमिका आहे, पण वर कुठल्या पक्षाचं कार्यालय नाही, अशांचा.

अशा गटांसाठी सगळ्यांत सुपीक जमीन जेएनयूची ठरली आणि त्याची कारणं व्यवहारातली आहेत. तिथल्या विद्यार्थी संघाची घटना १९७१ सालची. निवडणूक घेणारा आयोग विद्यार्थ्यांचाच. प्रशासनाने मतपेट्या धरायच्या नाहीत, असा दंडक. मतदार सात-आठ हजार, बहुतेक वसतिगृहात राहणारे. रात्री जेवणानंतर मेसमध्ये टेबलावर उभं राहून भाषण करायचं, पर्चा हातात द्यायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायची. मतदानाआधी एका रात्री अध्यक्षपदाच्या सगळ्या उमेदवारांचा वादविवाद होतो आणि शेकडो विद्यार्थी तो ढोलक-डफासह पहाटेपर्यंत ऐकतात. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणारी लिंगडोह समिती (तिच्याविषयी पुढे) येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथली भित्तिपत्रकं हाताने रंगवलेली. या पद्धतीत पैशाला फारसं कामच उरत नाही. ज्याला बोलता येतं, लिहिता येतं आणि रात्री जागता येतं, त्याला पक्ष नसला तरी उभं राहता येतं.

‘फ्री थिंकर्स’ हा तिथला पहिला मोठा बिनपक्षीय गट. १९७४ साली या गटाचे आनंद कुमार यांनी एसएफआयच्या प्रकाश करात यांना हरवून अध्यक्षपद मिळवलं. करात पुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले, आनंद कुमार समाजशास्त्राचे प्राध्यापक. विद्यार्थी संघाने पक्षाच्या ठरावांच्या मागे फरफटत जाऊ नये, एवढा फ्री थिंकर्सचा आग्रह होता आणि तो त्या काळात मोलाचा होता. त्यांच्यात लोहियावादी होते, उदारमतवादी होते, नुसते डाव्यांना कंटाळलेलेही होते. एकत्र ठेवणारा धागा मुख्यतः विरोधाचा. अभाविप आणि एनएसयूआय तिथे वाढू लागल्यावर हा धागा तुटत गेला, कारण डाव्यांना विरोधच करायचा तर आता दुसरी, मोठी घरं उघडली होती. कशाच्या विरोधात आहोत एवढ्यावर उभा राहिलेला गट दुसरा विरोधक आल्यावर रिकामा होतो, हे इथे पहिल्यांदा दिसलं.

दुसरा गट पक्षाच्या पोटातून निघाला. २०१२ साली राष्ट्रपतिपदासाठी प्रणब मुखर्जी यांना पाठिंबा देण्याचा निर्णय मार्क्सवादी पक्षाने घेतला. जेएनयूतल्या एसएफआयने त्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आणि वरच्यांनी ती शाखाच बरखास्त केली. पोरं गप्प बसली नाहीत. ‘एसएफआय-जेएनयू’ याच नावाने त्यांनी स्वतंत्र गट केला आणि दोनच महिन्यांत, सप्टेंबर २०१२च्या निवडणुकीत, त्यांचे व्ही. लेनिन कुमार अध्यक्ष झाले. पुढे या गटाने डेमोक्रॅटिक स्टुडंट्स फेडरेशन, डीएसएफ, हे नाव घेतलं. एप्रिल २०२५च्या निवडणुकीत मध्यवर्ती पॅनेलच्या चारपैकी उपाध्यक्ष आणि सरचिटणीस ही दोन पदं याच संघटनेकडे गेली. देशाच्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीवरून झालेलं एक भांडण आणि त्यातून जन्मलेली, तेरा वर्षं टिकलेली विद्यार्थी संघटना. विचाराला सोडायचं नाही पण पक्षाच्या आदेशाला मान तुकवायची नाही, ही भूमिका निभवायला फार कठीण. ती निभली, याचं श्रेय त्या विद्यापीठातल्या सभांच्या सवयीलाही द्यायला हवं.

आणि बापसा. स्थापना १५ नोव्हेंबर २०१४, बिरसा मुंडांच्या जयंतीच्या दिवशी. तिचा आक्षेप थेट होता : संघात झेंडे बदलतात, पण खुर्चीवर बसणाऱ्यांची जात बदलत नाही, डावे असोत की उजवे, आमच्या प्रश्नांवर आम्हाला बोलू देत नाहीत. तिने ज्या प्रश्नांना धरून ठेवलं, त्यांतला एक तोंडी परीक्षेच्या गुणांचा. संशोधनाच्या प्रवेशात तोंडी परीक्षेला ३० गुण होते आणि लेखी परीक्षेत बरोबरीने आलेली दलित-आदिवासी मुलं तिथे मागे पडतात, अशी तक्रार वर्षानुवर्षं होती. विद्यापीठाच्याच समितीच्या अभ्यासात तिला आधार मिळाला. ‘क्रांती’पेक्षा हा प्रश्न छोटा वाटेल, पण एखाद्या मुलाचा पीएचडीचा प्रवेश तिथेच ठरतो. सप्टेंबर २०१६च्या निवडणुकीत बापसाचे अध्यक्षपदाचे उमेदवार राहुल सोनपिंपळे दुसऱ्या क्रमांकावर आले. हा तरुण नागपूरच्या वस्तीतून गेलेला. त्या वर्षीचं त्याचं वादविवादातलं भाषण देशभर पाहिलं गेलं.

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात हेच काम आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन १९९३पासून करत आली आहे. रखडलेल्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहातल्या जागा, मार्गदर्शक न मिळणं, असे रोजचे, बातमी न होणारे प्रश्न हे तिचं मूळ. १७ जानेवारी २०१६ला तिचा कार्यकर्ता रोहित वेमुला याने आत्महत्या केली आणि ही संघटना साऱ्या देशाला माहीत झाली. त्याच्यासह पाच संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढलं गेलं होतं, तेव्हा रात्री उघड्यावर त्यांच्यासोबत बसणारी हीच माणसं होती. २०१७ साली डाव्या आणि इतर गटांशी आघाडी करून संघटनेने विद्यार्थी संघ जिंकला, अध्यक्षपद तिच्या उमेदवाराकडे आलं. पुढच्याच वर्षी आघाडी फुटली आणि अभाविपने संघ घेतला. २०१९ला पुन्हा आघाडी, पुन्हा विजय. एकट्याच्या बळावर संघ हाती येत नाही आणि आघाडीत आपला आवाज पातळ होतो. बापसासमोरचा पेच हाच आहे आणि तो सोडवण्याची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. मला स्वतःला आघाडीची वाट बरोबर वाटते, पण ज्यांनी शंभर वर्षं दुसऱ्यांच्या पॅनेलवर शेवटची जागा घेतली त्यांना ती कडू लागली तर त्यांना दोष देववत नाही.

फुले आणि आंबेडकर ही नावं घेऊन दिल्लीत, हैदराबादेत निवडणुका लढवल्या जात असताना महाराष्ट्रातल्या आपल्या विद्यापीठांत त्या नावांचे गट निवडणुकीला उभेच राहू शकत नव्हते. त्याकडे येतोच, आधी कोलकाता.

बंगालमध्ये पक्षांची पकड इतकी घट्ट की तिथे स्वतंत्र गट टिकावेत हेच आश्चर्य. पण जादवपूर विद्यापीठ आणि प्रेसिडेन्सी ही दोन आवारं वेगळी निघाली. प्रेसिडेन्सीत ‘इंडिपेंडंट्स कन्सॉलिडेशन’ने दीर्घ काळ एसएफआयशी बरोबरीची लढत दिली आणि अनेक वेळा संघ चालवला. जादवपूरला तीन विद्याशाखांचे तीन वेगळे संघ. अभियांत्रिकीत डेमोक्रॅटिक स्टुडंट्स फ्रंट (जेएनयूच्या डीएसएफशी याचा संबंध नाही), विज्ञान शाखेत ‘वी द इंडिपेंडंट’. फेब्रुवारी २०२०च्या निवडणुकीत कला शाखा एसएफआयकडे गेली. अभियांत्रिकी आणि विज्ञान या दोन्ही शाखा बिनपक्षीयांनी राखल्या. विद्यार्थी वर्गावर्गातून सर्वसाधारण सभेला येतात, तिथे ठराव होतात आणि पदाधिकाऱ्यांना ते पाळावे लागतात, ही तिथली जुनी रीत. सप्टेंबर २०१४मध्ये विनयभंगाच्या तक्रारीची नीट चौकशी व्हावी म्हणून धरणं धरणाऱ्या विद्यार्थ्यांवर मध्यरात्री पोलीस घातले गेले आणि ‘होक कलरव’ हे आंदोलन पेटलं. पावसात भिजत हजारोंचा मोर्चा निघाला. जानेवारी २०१५मध्ये कुलगुरूंना जावं लागलं. पुढे पक्षांचे लोक आलेच, पण आंदोलनाची सूत्रं आवाराबाहेर गेली नाहीत.

या परंपरेला एक काळा डागही आहे आणि तो झाकू नये. ऑगस्ट २०२३मध्ये जादवपूरच्या मुख्य वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या एका मुलाचा रॅगिंगनंतर मृत्यू झाला. सर्वसाधारण सभांचा, स्वयंशासनाचा अभिमान बाळगणाऱ्या आवारात वसतिगृहातले वरिष्ठ विद्यार्थी नव्या मुलांशी काय करतात यावर कोणत्याही संघाचा वचक नव्हता. पक्ष नाही म्हणून सत्ता नाही असं होत नाही. अनौपचारिक सत्ता, दादांची सत्ता, कुठल्याही घटनेत लिहिलेली नसते आणि तिला कोणी जाबही विचारू शकत नाही. स्वतंत्र गटांनी स्वतःला विचारायचा सगळ्यांत अवघड प्रश्न मला हाच वाटतो.

पण बंगाल सरकारने त्याच्या आधीच निवडलेला उपाय रोगाहून वाईट होता. २०१७ साली कायदा करून तिथे विद्यार्थी संघांच्या जागी ‘परिषद’ आणायचं ठरलं : पक्षाचं नाव-चिन्ह नको, अध्यक्ष-उपाध्यक्ष शिक्षकांमधून. राजकारण बाहेर काढण्यासाठी, असं सांगितलं गेलं. त्यानंतर जादवपूर, प्रेसिडेन्सी अशी मोजकी ठिकाणं सोडली तर राज्यभरातल्या महाविद्यालयांत निवडणुकाच झाल्या नाहीत. राजकारण बाहेर गेलं का? जुलै २०२५मध्ये, कोलकात्यातल्या एका विधी महाविद्यालयाच्या आवारात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणानंतर, कलकत्ता उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की जिथे निवडून आलेला संघ नाही तिथल्या संघाच्या खोल्यांना कुलपं लावा. म्हणजे मतदान बंद होतं आणि खोल्या चालू होत्या. त्या कोणाच्या हातात होत्या, हे बंगालमध्ये कोणालाही विचारावं. सत्ताधारी पक्षाच्या आघाडीला निवडणुकीची गरजच उरली नव्हती. गरज होती ती ‘वी द इंडिपेंडंट’सारख्यांना.

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचा इतिहास वेगळ्या वळणाचा आहे. पुसू आणि सोपू हे तिथले दोन मोठे गट विद्यापीठापुरतेच जन्मले, कुठल्या राष्ट्रीय पक्षाचे नव्हते. पण गाड्यांचे ताफे, मेजवान्या, दंडेली या बाबतीत ते पक्षांच्या आघाड्यांहून मागे नव्हते, आणि सोपूतून पुढे आलेलं एक नाव आज देशातल्या कुख्यात टोळीप्रमुखाचं आहे. पक्ष नसणं हे सद्गुणाचं प्रमाणपत्र नव्हे, हे इथे शिकावं. याच आवारात ‘स्टुडंट्स फॉर सोसायटी’ हा गट शुल्कवाढीविरुद्धच्या लढ्यातून वाढला. २०१८ साली या गटाच्या कनुप्रिया विद्यापीठाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मुलींच्या वसतिगृहाची दारं रात्री बंद होत, मुलांची होत नसत. त्याविरुद्ध धरणं धरून त्यांनी त्या हिवाळ्यातच मुलींना चोवीस तास ये-जा करायची मुभा मिळवली. दिल्लीत २०१५पासून ‘पिंजरा तोड’ ही मुलींची मोहीम हीच मागणी घेऊन उभी होती आणि तिने तर संघाची निवडणूकही लढवली नाही. मुलींच्या वसतिगृहाची वेळ हा प्रश्न पक्षांच्या आघाड्यांना दशकानुदशकं दिसला नव्हता. तो दिसायला पक्षाबाहेरचे डोळे लागले. स्वतंत्र गटांची खरी कमाई मला इथे दिसते. निवडून किती आले यापेक्षा कोणता प्रश्न त्यांनी पहिल्यांदा उचलला हे पाहिलं, तर हे गट मुळीच लहान ठरत नाहीत.

आता नियमांविषयी, कारण भल्या हेतूने केलेले नियम कोणाला लागतात आणि कोणाला लागत नाहीत, यावर बरंच अवलंबून आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६मध्ये लागू केल्या. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील भित्तिपत्रकांना बंदी, ७५ टक्के हजेरी, पदाधिकारी म्हणून एकदाच लढायची संधी, वयाची अट, आणि विद्यार्थी निवडणुका राजकीय पक्षांपासून अलग ठेवाव्यात असा आग्रह. कागदावर हे स्वतंत्र उमेदवाराच्या बाजूचं दिसतं. दिल्ली विद्यापीठात लाखाहून अधिक मतदार. तिथे २००९ साली नियम कडकपणे लावून मोठ्या संघटनांचे उमेदवार बाद केले गेले, तेव्हा मनोज चौधरी हे अपक्ष अध्यक्ष झाले. तसं पुन्हा घडलं नाही. सप्टेंबर २०२४मध्ये शहरभर चिकटवलेली पोस्टरं आणि रंगवलेल्या भिंती साफ होईपर्यंत मतमोजणी थांबवण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला आणि निकाल नोव्हेंबरच्या शेवटी लागला. पाच हजारांत ती पोस्टरं लागली असं कोणी म्हणणार नाही. दुसरीकडे, हाताने पोस्टर रंगवणाऱ्या जेएनयूच्या निवडणुका याच नियमांत बसत नाहीत म्हणून २००८ साली थांबवल्या गेल्या, त्या २०१२च्या मार्चमध्ये सुरू झाल्या. ज्यांना नियमाची गरज नव्हती त्यांची चार वर्षं गेली.

‘एकदाच लढा’ या अटीचाही विचार करावा. पक्षाच्या आघाडीला दरवर्षी नवा उमेदवार मिळतो, मागे अनुभवी माणसं असतातच. छोट्या गटात मात्र हरलेला उमेदवार हीच त्या गटाची ठेव असते. लोक त्याला ओळखू लागतात तोवर त्याला उभं राहता येत नाही.

लिंगडोह समितीने आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी महाराष्ट्रात कोणी फारशी उच्चारत नाही. नामनियुक्तीची पद्धत ही तात्पुरती सोय समजावी आणि पाच वर्षांत निवडणुकीकडे यावं, असं तिचं म्हणणं होतं. आपल्याकडे ही सोय पाव शतक चालली. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका संपवल्या. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी प्रतिनिधी. खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, सांस्कृतिक कार्यक्रम यांतून आणि विद्यार्थिनींमधून प्राचार्यांनी नेमलेले आणखी काही. या सगळ्यांनी मिळून आपल्यातला एक सचिव निवडायचा. खुनानंतर निवडणुका थांबवणं मला समजतं. त्यानंतर पंचवीस वर्षं गुणवत्ता यादीला प्रतिनिधित्व म्हणत राहणं समजत नाही. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीने शुल्कवाढीवर काय भूमिका घ्यायची हे कोणी तिला विचारलेलं नसतं, आणि तिला कोणी पाठवलेलंही नसतं. शिवाय मतदार दहा-वीसच उरले की त्यांना निवडणुकीपर्यंत सहलीला नेऊन ठेवणं कोणालाही परवडतं. विद्यापीठ प्रतिनिधीच्या निवडणुकीत होणाऱ्या पळवापळवीच्या गोष्टी महाराष्ट्रातल्या प्रत्येक महाविद्यालयीन गावाने ऐकल्या आहेत.

या पंचवीस वर्षांत पक्षांच्या आघाड्यांचं काय बिघडलं? काही नाही. त्यांची कार्यालयं राहिली, निवेदनं-मोर्चे राहिले, नेते तयार होत राहिले. सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहाही जागा युवा सेनेने जिंकल्या. समोर अभाविप होती. पदवीधरांच्या त्या मतदानात पक्षाचं बळ असलेल्यांनाच जागा होती आणि ते स्वाभाविक होतं, कारण वर्गावर्गातून मतं गोळा करून वर येण्याची शिडीच काढून घेतलेली.

आणि इथे काय होतं ते आठवावं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यात कुमार सप्तर्षी, अनिल अवचट, अरुण लिमये यांच्यासारख्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने युवक क्रांती दल उभं राहिलं. समाजवादी वळणाचं, पण पक्षाच्या दावणीला न बांधलेलं. महाविद्यालयातून खेड्यात, दुष्काळी कामावर, दलित वस्तीत जाणारी एक पिढी युक्रांदने घडवली. तिची मोडतोडही शिकण्यासारखी आहे. आणीबाणीत तुरुंग पाहिलेली माणसं १९७७च्या जनता लाटेत विखुरली. कोणी पक्षात गेलं, कोणी पक्षाबाहेर राहण्यावर ठाम राहिलं. ज्यांनी दहा वर्षं पक्षांना अंतरावर ठेवलं त्यांना विजयी पक्षाने फार लवकर आत ओढलं. जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीने यावर नियमच केला होता : तिशी ओलांडली की सभासदत्व संपलं, आणि पक्षात जायचं नाही. तीस वर्षांच्या त्या अटीमुळे वाहिनीने चांगले कार्यकर्ते गमावलेही, तरी विद्यार्थ्यांच्या संघटनेत चाळिशीचे ‘विद्यार्थी नेते’ बसून राहिले नाहीत.

याच्या अगदी उलट टोक आसामचं. १९६७ साली स्थापन झालेल्या अखिल आसाम विद्यार्थी संघाने, आसूने, १९७९ ते १९८५ हे सहा वर्षांचं आंदोलन चालवलं, केंद्र सरकारशी करार केला आणि त्याच वर्षी तिचे नेते आसाम गण परिषद काढून सत्तेत आले. प्रफुल्लकुमार महंत मुख्यमंत्री झाले. वसतिगृहातून थेट सचिवालयात. पक्षाचा तो प्रयोग पुढे फुटीत आणि आरोपांत विरत गेला, आसू मात्र आजही पक्षाबाहेर उभी आहे. गुजरातचं नवनिर्माण याहून अल्पजीवी : डिसेंबर १९७३मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात मेसचं बिल वाढलं म्हणून भडका उडाला आणि फेब्रुवारी १९७४मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांचं सरकार गेलं. सरकार पाडण्याइतकी ताकद असलेल्या त्या समित्या दोन-तीन वर्षांत नाहीशा झाल्या.

विद्यापीठात पिढी तीन वर्षांची असते, ही या गटांची कायमची अडचण. पक्षाच्या आघाडीत आठवण वरच्या कार्यालयात जपली जाते. स्वतंत्र गटात ती माणसांबरोबर पदवी घेऊन निघून जाते. मागच्या आंदोलनात प्रशासनाने कोणतं आश्वासन लिहून दिलं होतं, कोणता प्राध्यापक मध्यस्थीला आला होता, पैसे कोणाकडे होते, हे नव्या मुलांना शून्यापासून शोधावं लागतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला संप २०१५ साली १३९ दिवस चालला तो या दृष्टीने पाहावा. तिथल्या विद्यार्थी संघटनेच्या मागे पक्ष नव्हता, पण दररोजची सभा होती, जुन्या विद्यार्थ्यांशी नातं होतं, आणि संस्था इतकी लहान की प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता. टाटा समाजविज्ञान संस्थेत फेब्रुवारी २०१८मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढल्याविरुद्ध संप झाला, तेव्हा मुंबईबरोबर तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी या आवारांतही तो एकाच वेळी उभा राहिला. निवडून आलेला संघ होता, म्हणून ते जमलं.

जिथे संघ नाही तिथे काय होतं, ते ११ मार्च २०२१ला पुण्याच्या शास्त्री रस्त्यावर दिसलं. लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली गेली आणि हजारो मुलं रस्त्यावर आली. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि त्यांच्या वतीने बोलायलाही कोणी नव्हतं. तासाभरात पुढारी पोहोचले आणि कॅमेरे त्यांच्याकडे वळले. २०२४च्या ऑगस्टमध्ये परीक्षांच्या तारखांवरून पुण्यात पुन्हा तेच. शेतकऱ्याची पोरं, खोलीभाडं थकलेली, सहा-सात वर्षं अभ्यास करणारी. त्यांच्या रागात खोट नव्हती. पण वाटाघाटीला बसायला त्यांनी निवडलेला एकही माणूस नसावा, याची मला फार खंत वाटते.

२०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या : अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनी प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गाचा प्रतिनिधी विद्यार्थ्यांनी मतदानाने निवडायचे. २०१८ साली परिनियम आले, २०१९ला वेळापत्रक निघालं, विधानसभा निवडणुकीमुळे पुढे गेलं, मग करोना आला आणि विषय बासनात गेला. ‘वातावरण बिघडेल’ हे कारण पुन्हा ऐकू येतं. ते बिघडू नये यासाठी काय करता येईल, हे वर सांगितलेल्या अनुभवांतून पुरेसं स्पष्ट आहे. निवडणूक आयोग विद्यार्थ्यांचा असावा आणि प्राचार्यांनी फक्त जागा आणि मतदारयादी द्यावी. उमेदवारांचा खुला वादविवाद सक्तीचा करावा. वर्षातून किमान दोन सर्वसाधारण सभा आणि संघाच्या खर्चाचा हिशेब सूचनाफलकावर, हे परिनियमात लिहावं. पक्षाचं चिन्ह खुशाल दूर ठेवा, पण विद्यार्थ्यांनी आपल्या गटाला नाव देऊन, जाहीरनामा काढून, पॅनेल म्हणून एकत्र लढण्याला स्पष्ट परवानगी द्या. नाहीतर पक्षाचे लोक आतून पॅनेल लढवतील आणि खरोखर स्वतंत्र असलेलं पोर एकटं पडेल. निवडणुकीची तारीख शैक्षणिक वेळापत्रकात परीक्षेच्या तारखेइतकीच पक्की छापलेली असावी, म्हणजे ती टाळायची तर कोणाला तरी लेखी कारण द्यावं लागेल. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. परिनियम शासनाने अधिसूचना काढून आणले होते, दुरुस्तीही अधिसूचनेनेच होईल.